शेवाळी टपाची टॅक्सी

पत्र

मी डोंबिवलीला राहतो, वय ४३, बँकेत नोकरी. चार-पाच वर्षांपूर्वी घरात अडकून पडलो होतो तेव्हा मॉडेल गाड्या जोडायचा नाद लागला. पूर्ण झालेल्या गाड्या तीन, कपाटावर न उघडलेली खोकी तेवीस. ठाण्याला असे आठ-दहा हौशी लोक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या घरी जमतात. मीही वर्षभर जात होतो, बहुतेक वेळा नुसता ऐकायला.

माझे वडील सव्वीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवत होते, प्रीमियर पद्मिनी. जानेवारीत त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. त्यांना न सांगता त्यांची टॅक्सी १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, करून द्यायची असं ठरवलं. तयार किट सापडला नाही म्हणून एकाकडून रेझिनमध्ये बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतली. खालचा सांगाडा आणि चाकं दुसऱ्या किटची. जुलैत स्प्रेने रंग मारला, आधी सगळी गाडी काळी, मग टपावर पिवळा. काळ्यावर दुधासारखी साय आली, आणि पिवळ्याचे तीन हात मारूनही टप शेवाळीच दिसतो. तरी धीर करून रविवारी नेली. तिथले एक ज्येष्ठ, ज्यांना सगळे मानतात, बघून म्हणाले, "अरे, ही टॅक्सी आहे की डबक्यातून उठलेली म्हैस?" सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतरचे दोन रविवार गेलो नाही. गाडी बुटाच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकलीय. बायको म्हणते, एवढं मनाला लावून घ्यायचं असेल तर हा छंद कसला? सोडून द्यावं का?

काळी-पिवळी, डोंबिवली

उत्तर

काळी-पिवळी यांस,

आधी कबुली देतो. म्हशीपाशी आलो आणि मला हसू फुटलं. काळं अंग, पाठीवर शेवाळ, वरून दुधाची साय. त्या गृहस्थांची जीभ तिखट असेल, पण नजर पक्की आहे. एका वाक्यात त्यांनी तुमच्या गाडीतले दोन्ही दोष सांगून टाकले. उपाय मात्र सांगितला नाही, आणि तिथे ते चुकले. तो आपण बघू. सोडून द्यायचं की नाही, ते त्यानंतर.

मी कुठून बोलतोय ते कळावं म्हणून माझ्याबद्दल थोडं. चिंचवडला एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. बादलीच्या कडीपासून स्कूटरच्या टेललाइटपर्यंत प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवले. त्यामुळे मॉडेलचा किट उघडला की लोक गाडी बघतात आणि मी आधी रनर बघतो, प्लास्टिक कुठून भरलंय, साच्याचे दोन भाग मिळतात ती पार्टिंग लाइन कुठे लपवलीय, वस्तू साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनेचे गोल ठसे कुठल्या बाजूला काढलेत. निवृत्त झाल्यावर या नादाला लागलो, म्हणजे नादात मी तुमच्याहून फार मोठा नाही. वयाने असेन.

साय कशी आली ते सांगतो. रंग कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण डब्यातला स्प्रे आणि जुलै म्हटल्यावर तो लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, असणार असं धरून चालतो. लॅकरमधलं थिनर फार झपाट्याने उडतं. हातावर स्पिरिट चोळलं की गार लागतं ना, तसं ते उडताना रंगाच्या थराची ऊब घेऊन जातं. थर भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतो. आणि तुमच्याकडची जुलैची हवा म्हणजे वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तेच त्या ओल्या रंगावर होतं, आणि पाण्याचा तो बारीक अंश थरात अडकून पांढुरका दिसतो. याला ब्लशिंग म्हणतात. पांढऱ्या गाडीवर झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. काळ्यावर काही लपत नाही.

म्हणजे तुमचा हात वाईट नाही, महिना वाईट होता. पावसाळ्यात कोकणपट्टीत लॅकर मारणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ही साय खाल्लेली आहे. तुमच्या त्या रविवारच्या मंडळींपैकी निम्म्यांनी तरी नक्की, पैज लावतो.

आता गाडी माळ्यावरून काढा, पण रंग खरवडायला घेऊ नका. दिवाळीनंतर हवा कोरडी पडते तोवर थांबा. आर्द्रता दाखवणारं काडेपेटीएवढं यंत्र मिळतं ते घ्या. माझा स्वतःचा नियम असा की आकडा पासष्टच्या वर असेल तर डब्याला हात लावायचा नाही, मग रविवार असो की वाढदिवस. कोरड्या दिवशी त्याच काळ्याचा एक पातळ पण ओलसर हात मारलात की ताज्या थिनरने वरचा थर मऊ पडतो, अडकलेली ओल निघून जाते, आणि बऱ्याचदा साय तिथल्या तिथे विरते. त्याआधी डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं, चहाचं नव्हे. दाब वाढतो, फवारा बारीक होतो. तरीही कुठे धूसर राहिलं तर आठवडाभर सुकू द्या आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, मग चकाकी आणणारं पॉलिशचं कंपाउंड. फक्त पद्मिनीच्या मागच्या त्या दोन छोट्या पंखांच्या कडांपासून लांब राहा. कडेवर रंग नेहमीच पातळ बसतो. तिथे दोनदा घासलं की खालचं रेझिन डोळे वटारून बघतं.

शेवाळाचं कारण वेगळं आहे आणि ते हवेवर ढकलता येणार नाही. पिवळा रंग झाकत नाही, गाळतो. त्यातून खालचं आरपार दिसत राहतं, आणि खाली काळा असेल तर पिवळ्याचा हिरवट होतोच. तीन काय, तेरा हात मारलेत तरी फार तर शेवाळाची जात बदलेल. या कामात फिकटाकडून गडदाकडे जायचं. आधी टपाला पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, त्यावर पिवळा, तो पुरता सुकला की टप मास्किंग टेपने झाकायचा आणि मग काळा. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केलीत.

म्हणून टपावरचे ते तीन हात आता उतरवावे लागतील, आणि त्याला शेवाळाखेरीज आणखी एक कारण आहे. १/२४ मध्ये एक दशांश मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर. तो रंग राहिला नाही, गिलावा झाला! दाराच्या फटी बुजतात, टपाच्या कडेची पावसाच्या पाण्याची पन्हळ गुळगुळीत होते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. तेव्हा टपावरचा थर ८०० आणि मग १२०० नंबरच्या ओल्या पेपरने पार खाली न्या, बाकीची गाडी झाका, पांढऱ्याचे दोन पातळ हात, मग पिवळ्याचे दोन. टेपची कड टूथपिकने दाबून बसवायची, आणि शेवटचा हात अजून किंचित ओला असतानाच टेप तिरपी ओढून काढायची. रंगवलेल्या गाडीवर धूळ बसू नये म्हणून वर काहीतरी पालथं घालावं लागतं. आमच्याकडे तो पोळ्यांचा डबा असतो. त्यावर घरात काय बोलणं होतं ते इथे छापता येणार नाही.

सराव कशावर करायचा? प्लास्टिकच्या चमच्यांवर. चमच्याच्या पाठीला टपासारखाच बाक असतो. प्लास्टिकबंदी आल्यापासून मी घरातले जुने आइस्क्रीमचे चमचे सोन्यासारखे जपून ठेवलेत. प्रत्येक नवा डबा आधी चमच्यावर, मागे तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता मार्करने लिहायची. जुलैचा चमचा आणि डिसेंबरचा चमचा शेजारी ठेवून बघा, मी वर एवढं पाल्हाळ लावलं ते एका नजरेत कळेल.

रेझिनचं एक. बॉडीला बोट लावून बघा. चिकट लागत असेल तर प्रिंट नीट धुऊन कडक केलेली नाही, आणि तिच्यावर कुठलाच रंग टिकणार नाही. आधी ते त्या प्रिंटवाल्याकडून करून घ्या. आणि किटसोबतचं नेहमीचं प्लास्टिक सिमेंट तिथे चालत नाही. ते पॉलिस्टायरीनला विरघळवून दोन भाग एकजीव करतं, रेझिन त्याला दाद देत नाही. सांगाडा बॉडीला जोडायला इपॉक्सी, म्हणजे दोन नळ्या मिसळून लावायचा गोंद, वापरा. स्प्रे मारताना खिडकी उघडी, स्वयंपाकघरातला गॅस आणि देवघरातला दिवा दोन्ही बंद. कापडी मास्कने वाफ अडत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्कच लागतो. घरात पंचाहत्तरीचा माणूस आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता त्या रविवारकडे येतो.

टूलरूममध्ये नवा मोल्ड मशीनवर चढला की ट्रायल असते. पहिल्या काही शॉटमध्ये, म्हणजे साच्यात प्लास्टिक भरायच्या पहिल्या काही खेपांत, जे बाहेर येतं ते बघण्यासारखं नसतंच. कुठे प्लास्टिक पोचलेलंच नसतं, त्याला शॉर्ट शॉट म्हणतात. कुठे कडेने पापुद्रा सुटलेला असतो, तो फ्लॅश. जाड भागावर खळगा पडलेला असतो, तो सिंक मार्क. तो गरम पीस हातोहात फिरायचा आणि प्रत्येक जण त्यातला फक्त दोष सांगायचा. सहा-सहा महिने राबून मोल्ड बनवलेला माणूस तिथेच उभा असायचा. पण मला आठवतंय तोवर कुणी कधी "कसा झालाय?" असं विचारलं नाही. विचारायचं ते एवढंच, "कुठे भरला नाही?" कारण "कसा झालाय" ला दोनच उत्तरं असतात, छान आणि वाईट, आणि त्या दोन्हींनी मोल्ड सुधारत नाही. "कुठे भरला नाही" ला माणूस चष्मा वर करून पीस उजेडात धरतो.

तुम्ही गाडी टेबलावर ठेवलीत तेव्हा काय विचारलंत? पत्रात ते नाही. माझा अंदाज, काहीच नाही. ठेवलीत आणि गप्प उभे राहिलात. आपण गप्प राहिलो की आठ-दहा जणांच्या टोळक्यात ती जागा कुणीतरी विनोदाने भरतोच. त्याऐवजी "जुलैत मारला, काळ्यावर साय आली, काय करू?" एवढं बोलला असतात तर म्हैस कदाचित आली असती, पण तिच्यामागून चार उपायही आले असते.

दुसरं, जरा टोचेल. वर्षभर तुम्ही "नुसते ऐकायला" गेलात. म्हणजे वर्षभर टेबलावर तुमचं काही नव्हतं, आणि पहिली वस्तू मांडलीत ती थेट वडिलांची टॅक्सी. सगळा जीव एका गाडीत. अशा वेळी कुणी नुसतं "हं" म्हटलं असतं तरी लागलं असतं. बाकीचे लोक बघा, ते सतत काही ना काही किरकोळ घेऊन येतात. एक चाक, अर्धवट डॅशबोर्ड, वाकडं बसलेलं डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र. त्यांनाही लोक हसतात, पण चाकाला हसलेलं कुणी माळ्यावर टाकत नाही.

माझं सांगतो. पुतण्यासाठी केलेल्या एका गाडीच्या काचा मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावल्या. सकाळी उठून बघतो तर सगळ्या काचांवर आतून धुकं. त्या गोंदाच्या वाफा जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर बसतात आणि पांढरा थर देतात. मी ती गाडी तशीच आमच्या पुण्याच्या मंडळींसमोर ठेवली आणि वर ऐटीत म्हणालो, हिवाळ्यातली सकाळ दाखवलीय. एकोणीस वर्षांचा एक मुलगा, ओठांवर धड मिसरूड नाही, म्हणाला, "काका, काचेला फेव्हिकॉल. वाळला की दिसत नाही." एकतीस वर्षं प्लास्टिकमध्ये घालवलेल्या माणसाला! घरी येईपर्यंत मी मनात त्याला बरंच काही सुनावलं. मग फेव्हिकॉल लावून बघितला. वाळला की खरंच दिसत नाही. आता तो मुलगा नसला तर मला त्या बैठकीत मजा येत नाही.

तुमच्या त्या ज्येष्ठांना मी पाठीशी घालत नाही. ज्याला सगळे मानतात त्याचा विनोद इतरांच्या विनोदापेक्षा जड पडतो, हे त्या वयात कळायला हवं. पण एक विचारू? ती तुमच्या वडिलांची टॅक्सी आहे, हे त्यांना माहीत होतं का? पत्रावरून तसं वाटत नाही. पुढच्या रविवारी जा, चहाच्या वेळी त्यांना बाजूला घ्या आणि सरळ सांगा, "त्या दिवशी लागलं मला. वडिलांची गाडी आहे ती." चारचौघांत नको, फोनवर लिहूनही नको. माझा अनुभव असा की बोल्टची संख्या मोजणारी ही माणसं हळवी असतात, त्याशिवाय कोण बोल्ट मोजत बसेल? ओशाळले तर तुम्हाला पद्मिनीच्या ग्रिलमधल्या पट्ट्यांवर तासभर ऐकावं लागेल, तेवढी तयारी ठेवा. आणि हे ऐकूनही त्यांनी पुन्हा म्हैस काढली, तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. तिथे कुणीतरी शांतपणे काच पुसत बसलेला असतो, खरं शिकायला त्याच्याकडेच मिळतं.

तेवीस खोक्यांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण आमच्या घरी हा आकडा विचारायचा नाही असं ठरलंय. नवीन घेणं जानेवारीपर्यंत थांबवा, आणि त्यातलंच एक सोपं, बॉनेट न उघडणारं, इंजिन नसलेलं खोकं दिवाळीपर्यंत पुरं करा. हात चालू राहील. बायकोला सांगा की तिचं म्हणणं मला अर्धं पटलं. मनाला लागणं म्हणजे छंद नव्हे, असं काही मला वाटत नाही. मला तर कॅरममध्ये हरलो तरी लागतं.

आणि आता वडील. खरं तर पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिथेच थांबलो.

जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही कंपनी तुम्हाला माहीत असेलच, तुमच्या तेवीसमध्ये तिची चार-पाच खोकी असणार. १९४६ साली लाकूड कापायची गिरणी म्हणून सुरू झाली, पुढे लाकडी मॉडेल आणि १९६० साली पहिलं प्लास्टिकचं, यामातो युद्धनौका. सत्तरच्या दशकात त्यांना १/१२ मध्ये पोर्श ९३४, म्हणजे ९११ चीच शर्यतीची आवृत्ती, करायची होती. फोटो आणि नकाशांवर भागेना, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि मोजमापांसाठी ती सुटी केली. १९७६ मध्ये मॉडेल बाजारात आलं. एक गाडी कळावी म्हणून आख्खी गाडी खोलली.

तुमच्याकडे तसं काही करायला गाडी उरलेली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. फोटो ढीगभर मिळतील. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मूळची फियाट ११०० डी, १९६४ मध्ये इथे ११०० डिलाइट म्हणून आली, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी, त्यामुळे इटलीतल्या गाडीचे नकाशेही कामाला येतील. पण सव्वीस वर्षं ती गाडी रोज पुसणारा, रस्त्यात बॉनेट उघडून कार्ब्युरेटर झटकणारा माणूस तुमच्या शेजारच्या खोलीत बातम्या बघत बसलाय, आणि तुम्ही त्याच्यापासूनच लपवताय!

अचानक देण्याची गंमत मला कळते. तरी ती सोडा, असं सुचवतो. जानेवारीत पूर्ण झालेली, चकचकीत गाडी हातात ठेवलीत तर ते बघतील, डोळ्यांत पाणी येईल, शेजाऱ्यांना दाखवतील, आणि ती शोकेसमध्ये जाईल. ही अर्धवट, शेवाळी टपाची गाडी आज दाखवलीत तर ते चष्मा शोधतील. आणि त्यांनाही "कशी झालीय" विचारू नका. कुठे भरली नाही, ते विचारा.

विचारण्यासारखं खूप आहे. पिवळा नेमका कुठे थांबत होता, पन्हळीपाशी की खाली खांबांवर उतरत होता? टपावर कॅरिअर होतं का, आणि असेल तर कुठल्या बाजूची नळी वाकलेली होती? गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, त्याची मूठ मूळची की बाजारातून आणलेली? डॅशबोर्डवर कुठला देव, आणि हार ताजा की प्लास्टिकचा? सीट कव्हरचा रंग? सीएनजी बसवून घेतला असेल तर टाकीच्या वजनाने मागून गाडी किती बसायची? हे शेवटचं फार महत्त्वाचं. मॉडेलवाले याला स्टान्स म्हणतात. गाडी जमिनीवर कशी उभी आहे यावरून ती खरी वाटते की खेळण्यातली, ते ठरतं. दुसऱ्या किटचा सांगाडा वापरलात म्हणजे तुमची पद्मिनी बहुधा सपाट उभी असणार. मागचा अॅक्सल अर्धा मिलिमीटर वर सरकवला तर खऱ्या गाडीच्या हिशोबाने ती मागून बारा मिलिमीटर बसली. पण अर्धा की एक, हे फोटो बघून ठरत नाही. ज्याने मागे तीन सवाऱ्या आणि डिकीत दोन ट्रंका घेऊन दादरचा पूल चढवलाय, त्याचा तळहात सांगतो.

ते म्हणतील, "हे काय, टप असा कुठे होता?" म्हणू द्या. आदल्या रविवारचीच ट्रायल आहे, फक्त परीक्षक बदललाय. आणि जमलं तर, पाय धड असतील आणि इच्छा असेल तर, एका रविवारी त्यांना ठाण्याला घेऊन जा. ग्रिलच्या पट्ट्या मोजणारे ते ज्येष्ठ आणि ती ग्रिल सव्वीस वर्षं धुतलेले तुमचे वडील समोरासमोर बसले, तर दुसऱ्या कुणाला बोलायला जागा मिळेल असं मला वाटत नाही.

सगळ्यात शेवटी मीटर करा. डाव्या बाजूला, पुढच्या काचेच्या अलीकडे बाहेर बसवलेला तो जुना यांत्रिक मीटर १/२४ मध्ये जेमतेम आठ मिलिमीटरचा होईल. प्लास्टिक शीटचे तुकडे एकावर एक चिकटवून, कोपरे घासून करता येतो. पातं वेगळं, पातळ पत्र्याचं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कात्रीने कापला जातो. ते लगेच चिकटवू नका. पातं वर म्हणजे गाडी रिकामी, खाली म्हणजे सवारी बसलेली. तुमच्या गाडीत ते कसं ठेवायचं, हे तुमच्या बाबांना विचारून मग गोंद लावा. आणि ते काय म्हणाले, तेवढं मला कळवा.